नवरीच्या मांडीवरचं लेकरू

मेकअप करता येणं ही एक गोष्ट आणि नवरीला दोन तास एका जागी बसवणं ही दुसरी. पहिली मी लातूरला कोर्स करून शिकले. दुसरी मला माझ्या लेकीनं शिकवली, आणि तेव्हा तिला धड चालताही येत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मेकअपवालीचं काय, पावडर थापायची आणि जेवून निघायचं. अहो, पावडर थापायला नवरीचं तोंड तर जागेवर पाहिजे! आमच्याकडच्या लग्नात नवरीच्या खोलीला दार असतं, पण त्याची कडी कुणी लावलेली मी आजवर एकदाच पाहिली. मी आयलायनरची रेघ ओढायला घेते, तोच चुलती डोकावते, "अगं, फोटोवाला बोलवायलाय." नवरी मान वळवते आणि रेघ थेट कानापर्यंत. ती पुसून होते तोवर मामी चहा घेऊन हजर. मग मैत्रिणी, मग नवरीला पाया पडायला लावणारी एखादी आत्या. त्यात हळद. आदल्या दिवशी सगळ्या भावकीनं हौसेनं फासलेली हळद चेहरा सोडत नाही, आणि पिवळ्या चेहऱ्यावर तसाच बेस लावला तर व्हिडिओत नवरी केशरी दिसते. म्हणून आधी खोबरेल तेल, मग कच्चं दूध आणि बेसन लावून चेहरा मोकळा करून घ्यायचा. हे सगळं मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, आणि लाइट गेलेली. माझ्या घामाचा थेंब नवरीच्या गालावर पडू नये म्हणून मी कपाळाला टॉवेल बांधून काम करत असे. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांनी मला त्या अवतारात पाहिलं आणि आचारीण समजून वरणात मीठ कमी असल्याचं सांगून गेले.

केजला माझं पार्लर. आता त्याला काचेचं दार आहे, तेव्हा नुसता पडदा होता. आमचे हे काळीपिवळी जीप चालवत, केज ते धारूर. घरात आम्ही दोघं, सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आणि काही महिन्यांची गुड्डी. तिचं पाळण्यातलं नाव चांगलं मोठं आणि सुरेख आहे, पण ते शाळेच्या दाखल्यापलीकडे कुणाला माहीत नाही.

गुड्डी रांगायला लागली आणि लग्नसराई सुरू झाली. या दोघींनी एकमेकींशी ठरवून माझ्यावर धाड घातली असावी. गुड्डी बाटली तोंडाला लावू देत नव्हती. वाटीचमच्यानं दूध पाजायला गेलं की ती ते सगळं पाजणाऱ्याच्या अंगावर परत करायची. म्हणजे जिथं मी, तिथं ती. मी एका खांद्याला मेकअपची पेटी आणि दुसऱ्या खांद्यावर लेक घेऊन निघाले की आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहत. त्यांचा आवाज तसा बारीक, पण शब्द नेमके लागायचे.

"लेकराला घिऊन रानोमाळ हिंडायलीस. हिला कुठं जरा खरचटलं तर ती पेटी म्या आडात टाकीन. सांगून ठिवते."

त्या टाकतील, याबद्दल मला शंका नव्हती. त्यांनी एकदा यांचा पत्त्यांचा कॅट चुलीत घातला होता. आणि ती पेटी म्हणजे माझं सगळं होतं. ती गेली असती तर मी पुन्हा चार भिंतींत गेले असते आणि कुणाला फारसं काही वाटलंही नसतं. म्हणून मी रोज मनात एकच जप करायची, आज गुड्डीला काही होऊ नये.

मांडीची युक्ती सापडली ती अशीच, गडबडीत. चिंचोलीकडच्या एका लग्नात नवरी इतकी चुळबुळी होती की तिच्या भुवया दोन वेगळ्या बायकांच्या वाटत होत्या. गुड्डी माझ्या कडेवर रडत होती. मी वैतागून तिला नवरीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "जरा धर गं हिला." गुड्डीनं नवरीचा हिरवा चुडा मुठीत पकडला आणि क्षणात झोपली. आणि नवरी? नवरी पुतळ्यासारखी बसली! चुलती आली, तर हिनंच ओठांवर बोट ठेवलं, "श्श्, लेकरू झोपलंय." मामी चहा घेऊन आली ती चवड्यांवर परत गेली. झोपलेल्या लेकरापुढं आपली सगळी माणसं शहाणी होतात. मी एवढ्या शांततेत दोन्ही भुवया सारख्या काढल्या की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

त्यानंतर ती माझी पद्धतच झाली. नवरी खुर्चीत, गुड्डी नवरीच्या मांडीवर, मी कामाला. म्हाताऱ्या बायकांना तर त्यात शकुनच दिसू लागला. "नवरीच्या मांडीवर लेकरू म्हंजी लई चांगलं बगा." मग काय, बुकिंगला येणाऱ्या बायका विचारू लागल्या, "ताई, लेकरू आणताव ना संग?" जणू बेस, हेअरस्टाइल आणि लेकरू असं माझं पॅकेजच होतं. गुड्डीला त्या सराईत इतक्या नवऱ्यांच्या मांड्यांची सवय लागली की घरी माझ्या साध्या साडीवर तिला झोप येईना. मला घरात जरीची साडी गुंडाळून बसावं लागे. हे घरी आले की विचारायचे, "आज कुणाचं लग्न?"

गिऱ्हाइकंही एकेक नग. एका गावात नवरदेव मागच्या दारानं आला. पिळदार मिशा, गळ्यात सोन्याचा गोफ, आणि आवाज एकदम मऊ. "ताई, मलाबी थोडं लावता का? पण आमच्या पोरायला कळू देऊ नगा." मी लावलं. वरातीतल्या डान्सनंतर तो नवरीपेक्षा जास्त वेळा टचअपला आला. दुसरीकडे वरमाईनं फोनमधला फोटो दाखवून "मला अशी करा" असं सांगितलं. तो फोटो त्यांच्याच लग्नातला होता. आता तिथं मी काय करणार? केसांत गजरा जास्त माळला आणि लांबून फोटो काढायला सांगितला.

आणि नांदूरघाटचं ते लग्न. नवरीचं नाव कोमल, मुलाकडचं गाव तेलगाव. कोमल हसरी, गुड्डी पहिल्याच मिनिटाला तिच्या मांडीत मुरली. तेवढ्यात वरमाई खोलीत आल्या. उंचापुरी बाई, हातात पर्स, नजर तपासणीसाची. त्यांनी गुड्डीकडे पाहिलं.

"ही कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"पोरगी हाय?"

"हो."

"पोरगं न्हाई का तुमच्याकडं? नवरीच्या मांडीवर पोरगं द्यावं."

मला असा राग आला की हातातला ब्रश त्यांच्या नाकावरून फिरवावा. पण सराईत गिऱ्हाइकाशी भांडत नाहीत. मी म्हटलं, "सध्या एवढाच माल शिल्लक आहे, मावशी." कोमल फिसकन हसली आणि तिची लिपस्टिक हनुवटीवर गेली. वरमाई पर्स सावरत निघून गेल्या.

मुहूर्त साडेबाराचा. आमच्याकडे मुहूर्त साडेबाराचा म्हणजे साडेबाराला नवरदेव मारुतीच्या देवळासमोर घोड्यावर असतो आणि त्याचे मित्र घोड्याला पुढं सरकू देत नाहीत. अक्षता पडल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मग जेवणं, मग फोटो, मग दुसरी साडी, मग परत फोटो. गुड्डी कोमलच्या मांडीवरून उतरायला तयार नाही. फोटोत बसली, पंगतीत बसली, कोमलच्या ताटातली बुंदी खाल्ली. मी मध्ये एकदा तिला पाजून घेतलं, तर तेही घाईत उरकून ती परत चुड्याकडे.

पाठवणीची वेळ झाली आणि करवलीच्या अंबाड्यातली पिन नेमकी तेव्हाच निसटली. मी तिचे केस हातात धरून बसले. बाहेर बँड, रडारड, फटाके, "गाडीत बसवा, गाडीत बसवा" असा आरडाओरडा. करवलीचं झालं, पेटी आवरली आणि मी बाहेर आले. मांडव निम्मा रिकामा.

"गुड्डी कुठंय?"

"आता व्हती की, मामीच्या कडेवर."

मामी म्हणाली, "म्या चुलतीकडं दिली."

चुलती म्हणाली, "लई रडायली व्हती, कुणीतरी घेतली बाई."

कुणीतरी! लग्नात लेकरू या कडेवरून त्या कडेवर जातं, त्यात कुणाला काही वाटत नाही. सगळ्यांना ते कुणाचं तरी वाटत असतं. मी आचाऱ्याच्या कढयांमागं पाहिलं, गाद्यांच्या ढिगात पाहिलं, घोड्याच्या आसपास पाहिलं. ज्या मामांच्या हातात आहेर पुकारायचा माइक होता, त्यांना मी रडत रडत सांगितलं. त्यांनी घसा साफ केला आणि सवयीनं सुरुवात केली, "मेकअपवाल्या ताईंकडून एक मुलगी..." मग चूक लक्षात येऊन म्हणाले, "हरवलेली आहे. लाल झबलं, डोळ्यात काजळ. कुणाकडं असंल तर स्टेजजवळ आणून द्यावी. आणि जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये, ही विनंती."

मी रडतेय आणि ते जेवायचं सांगतायत. आज आठवलं की हसून पोट दुखतं, तेव्हा मला त्या माइकचा घास घ्यावासा वाटत होता.

पत्ता लागला तो बँडमधल्या पिपाणीवाल्याकडून. तो ओठ पुसत म्हणाला, "लाल झबलं ना? ते तर नवरीच्या गाडीत गेलं की. म्या वाजवता वाजवता बगितलं."

झालं होतं असं. आमच्याकडे नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, तिला पाठराखीण म्हणतात. कोमलबरोबर तिची चुलत बहीण निघाली होती. रडणाऱ्या गुड्डीला कुणीतरी कोमलकडे दिलं, मग तिनं चुडा सोडला नाही, म्हणून तिला तशीच गाडीत बसवली. मुलाकडच्यांना वाटलं, पाठराखिणीचं लेकरू. पाठराखिणीला वाटलं, मुलाकडच्या कुणाचं तरी. आणि कोमलनं डोक्यावर पदर घेऊन रडायला सुरुवात केली होती. दिवसभर मांडीवर लेकरू होतंच, ते अजूनही आहे यात तिला काही वावगं वाटलं नाही.

नवरीच्या वडिलांचा फोन आहेराच्या पिशवीत कुठेतरी वाजत होता, तो कुणाला सापडेना. मी यांना फोन केला. काय बोलले ते मला आठवत नाही. हे म्हणाले, "केजपर्यंत ये कशीही, मी स्टँडला थांबतो." बँडची गाडी केजकडेच निघाली होती. मी ढोल आणि ताशांच्या मध्ये, पेटी मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक खड्ड्याला ढोल आपोआप वाजायचा. पिपाणीवाला मला धीर देत होता, "ताई, रडू नगा, लेकरू खुशीत गेलंय, म्या सांगतो." मी देवाला सांगितलं, पोरगी हातात पडू दे, ही पेटी मीच आडात टाकते, आत्याबाईंना हात लावायची गरज नाही. आणि मी ते मनापासून म्हणत होते.

केजला जीप उभी होती. पुढच्या सीटवर आत्याबाई. मी मागं बसले. त्यांनी मान वळवली नाही. धारूर आलं, घाट लागला, यांनी प्रत्येक वळणावर हॉर्न दाबून धरला, आत्याबाई समोर बघत बसल्या. त्या एक शब्द बोलल्या असत्या, शिवी दिली असती, तरी मला हलकं वाटलं असतं.

तेलगावला घर शोधावं लागलं नाही, दारात अख्ख्या वाडीवस्तीचा घोळका होता. मी धावत आत घुसले, तर माझी लेक उंबऱ्याच्या आतल्या बाजूला फतकल मारून तांदळात बसलेली, दोन्ही मुठींनी तांदूळ उधळतेय. नवरीची गाडी वाटेतल्या देवदर्शनांत रेंगाळलेली, म्हणून कोमल अजून बाहेर उभी! नवरीनं उंबऱ्यावरचं धान्याचं माप पायानं लवंडून घरात यायचं असतं. कोमलला माप नीट दिसावं म्हणून तिनं गुड्डीला क्षणभर खाली ठेवलं, आणि गुड्डीनं रांगत जाऊन ते माप आधीच लवंडलं. आता नव्या तांदळानं दुसरं माप भरणं चाललं होतं.

आणि भरत कोण होतं, तर वरमाई. मला पाहून त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आता काय ऐकावं लागतंय, असं मला झालं.

"मेकअपवाल्या बाई," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात पैलं पाऊल तुमच्या पोरीचं पडलं. आता हिला साडीचोळी केल्याबिगर आमी सोडत न्हाई." आणि त्या इतक्या खदखदून हसल्या की हातातलं माप परत सांडलं. सकाळी 'पोरगं न्हाई का' म्हणणारी हीच बाई गुड्डीच्या गालाला हात लावून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडत होती. गुड्डीनं मला पाहिलं, ओळखीचं हसली, आणि परत तांदळाकडे वळली. मी तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती चिडून ओरडली. तिच्या झबल्याला बुंदीचा वास येत होता. मी तिथं, सगळ्यांदेखत, हसत आणि रडत उभी राहिले.

परतीच्या वाटेवर मीच विषय काढला. "आत्याबाई, उद्यापासून पार्लर बंद."

"उद्या?" त्या पहिल्यांदा बोलल्या. "उद्या युसूफवडगावच्या पोरीचं लगीन हाय ना? तिनं काय तशाच तोंडानं उभं ऱ्हायचं का बोहल्यावर?"

"पण गुड्डीला..."

"गुड्डीला म्या हाय की." मग घाट संपल्यावर जीपच्या आवाजात मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाल्या, "लेक घिऊन गावोगाव जातीस. मला का म्हून कधी चल म्हणली न्हाईस?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी रस्त्याकडे पाहिलं. आत्याबाईंचे मालक, म्हणजे माझे सासरे, आमचे हे पाच-सहा वर्षांचे असतानाच गेले. तेव्हापासून त्या कुणाच्या लग्नात मांडवात आल्या नव्हत्या. आल्या तरी भांड्यांपाशी, मागच्या बाजूला. नवरीच्या खोलीत कपाळ मोकळं असलेल्या बाईनं जायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नसे. त्या येणार नाहीत म्हणून मी विचारलं नव्हतं, आणि मी विचारत नाही म्हणून त्या उंबऱ्यात उभ्या राहून पेटीवर राग काढत होत्या. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "चला उद्या. लवकर निघायचंय."

दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या काठाचं लुगडं नेसून तयार. खोलीत शिरल्या त्या भिंतीला चिकटून, गुड्डीला मांडीवर घेऊन, कुणाच्या नजरेत न येता. मी काम सुरू केलं. गुड्डी थोड्या वेळानं रांगत नवरीकडे गेली, तिच्यामागं आत्याबाई उठल्या आणि खुर्चीशेजारी येऊन बसल्या. झालं! नवरीची मावशी दारातून आत आली, त्यांना पाहिलं आणि माझ्या कानाशी लागली. पण आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताई, राग नगा मानू. ह्या आजीला बाहीर बसवा. शुभकार्य हाय, नवरीच्या जवळ कशाला..."

आत्याबाई लगेच उठल्या. पदर सावरला, गुड्डीला उचलायला वाकल्या. त्यांना याची इतकी सवय होती की चेहऱ्यावर काही उमटलंसुद्धा नाही. माझ्या हातात आयलायनर होता. नवरीचा उजवा डोळा पूर्ण झाला होता, काजळ, शॅडो, पापण्या, सगळं. डावा अजून कोरा, नुसती हळद काढलेला.

मी आयलायनरचं झाकण लावलं आणि पेटी बंद केली.

"आत्याबाई, चला. जीप बाहेरच आहे."

मावशी गडबडली. "अहो, असं काय करायलाव? पोरीचा एकच डोळा झालाय!"

"ह्या माझ्यासोबत आहेत," मी म्हटलं. "ह्या बाहेर, तर मी बाहेर. एका डोळ्यानंही दिसतं की नवरदेवाला."

बाहेर नेमकी वरात जवळ आल्याचा आवाज. नवरीनं समोरच्या आरशात पाहिलं, एका बाजूनं राणी आणि दुसऱ्या बाजूनं झोपेतून उठलेली. तिला हसू आवरेना. तिनं हात लांब केला आणि आत्याबाईंचा पदर धरला.

"आज्जी, तुमी न्हाई हलायचं," ती म्हणाली. "आन् मावशे, तू भाईर जा, आन् दार लावून घे."

मावशीनं जाताना खरंच बाहेरून कडी ओढली. आत्याबाई नवरीच्या अगदी शेजारी बसल्या, आणि त्यांनी गुड्डीला स्वतःच्या हातांनी नवरीच्या मांडीवर ठेवलं. मी डावा डोळा काढायला घेतला. मध्ये कुणी डोकावलं नाही, आणि रेघ सरळ आली.